नकार तोंडी, अपील कशावर?

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांच्या, लॉटरीत नंबर लागूनही ज्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला नाही, अशा पालकांना विचारून पाहा की नकार कुणी दिला. "शाळेतल्या मॅडम म्हणाल्या", "पंचायत समितीतले साहेब म्हणाले", अशी उत्तरं येतात. तारीख नाही, सही नाही, लिहिलेलं कारण नाही. अपील तिथेच संपतं. वरच्या कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न येतो, "नाकारल्याचं पत्र कुठाय?" कार्यालयाने शाळेला फोन लावला तर शाळा सांगते, "आम्ही कुठे नाकारलं? पालक मुदतीत आलेच नाहीत." तोवर मुदत सरते आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते.

शिक्षण हक्क कायद्यात तक्रारीची आणि अपिलाची तरतूद आहे. आमचं म्हणणं असं की ती आज जशी आहे तशी निरुपयोगी आहे. नकार लेखी देण्याची सक्ती नाही, निर्णयाची मुदत शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, तक्रार चालू असताना जागा राखली जात नाही आणि शेवटी जो निर्णय येतो तो कुणावर बंधनकारक नाही. या चारांतली एक गोष्ट सुधारून भागणार नाही. लेखी नकार मिळाला आणि जागा राखली नाही, तर पालकाच्या फायलीत आणखी एका कागदाची भर पडेल, एवढंच.

आधी एक गैरसमज दूर करू. लॉटरीत नंबर न लागणं हा नकार नव्हे, त्यावर अपील नाही. २०२५-२६ साठी राज्यात २५ टक्के कोट्याच्या जागा १ लाख ९ हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज ३ लाखांच्या वर आले. म्हणजे तिघांतल्या दोघांना जागा मिळणारच नव्हती. त्यांच्यासाठी उपाय जागा वाढवणं किंवा जवळची सरकारी शाळा चांगली करणं हा आहे, तक्रार अर्ज हा नव्हे. अपिलाचा प्रश्न येतो तो निवड झाल्यावर मुलाला अडवलं जातं तेव्हा, किंवा ज्या शाळेला मूल नाकारण्याचा अधिकारच नाही ती शाळा नाकारते तेव्हा.

ही दुसरी गोष्ट आधी घेऊ, कारण तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जिल्हा परिषदेची, नगरपरिषदेची किंवा महापालिकेची शाळा कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मोफत शिकवायला बांधील आहे. तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेरगावाहून आलेल्या मजुराच्या मुलाला "दाखला आणा", "आधार आणा", "जन्माचा पुरावा आणा" म्हणून परत पाठवलं जातं. कायदा याच्या नेमका उलट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५ सांगतं. वर्ष सुरू झाल्यावर मूल आलं तरी ते घ्यावं लागतं, हे कलम १५. आधार नाही म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात म्हटलं. मग मुख्याध्यापक का अडवतात? दुष्टपणा हे कारण क्वचितच असतं. संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरतात ती आधारशी जुळलेल्या पटसंख्येवर. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, पण पदासाठी मोजलं जात नाही. सरकार एका हाताने कायदा देतं आणि दुसऱ्या हाताने तो मोडायचं कारण मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठेवतं. अशा प्रकरणात पालकाने भांडत बसू नये. साध्या कागदावर प्रवेशाचा अर्ज लिहावा, वर्गाचं नाव आणि तारीख घालावी, खाली "कागदपत्रे उपलब्ध होताच सादर करू" एवढं लिहावं आणि पोच मागावी. लेखी अर्ज आला की बहुतेक मुख्याध्यापक मूल दाखल करून घेतात, कारण लेखी नकार द्यायला कायद्यात आधार नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

आता खासगी विनाअनुदानित शाळा, म्हणजे खरं रणांगण. कलम १२(१)(ग) प्रमाणे प्रवेशस्तरावर, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात, किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या, परिसरातल्या मुलांना द्यायच्या. वंचित गटात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग मुलं वगैरे येतात आणि जातीच्या आधारावर अर्ज असेल तर उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या आणि मे २०१४ मध्ये घटनापीठाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळा वगळल्या. तेव्हा "आमची शाळा अल्पसंख्याक आहे" असं उत्तर आलं तर दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. प्रमाणपत्र खरं असेल तर तो वाद तिथेच संपतो, वेळ वाचतो.

निवड झालेल्या मुलाचा प्रवेश दोन ठिकाणी अडतो. पहिलं ठिकाण कागद तपासणाऱ्या पडताळणी समितीचं टेबल, दुसरं शाळेचं फाटक. दोन्हींचे रोग वेगळे आहेत, त्यामुळे तक्रारीही वेगळ्या लिहाव्या लागतात. अनेकांचं चुकतं ते इथे. समितीने कागद नामंजूर केले असताना पालक शाळेच्या नावाने तक्रार करतात आणि शाळा निर्धास्त हात वर करते.

समितीच्या टेबलावर बहुतेक फायली पत्त्यावर अडकतात. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण लावायची असते आणि शाळेचं अंतर त्या खुणेवरून मोजलं जातं. २०२५-२६ पर्यंतच्या प्रक्रियेत एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य, मग एक ते तीन किलोमीटर, असा क्रम होता. अर्ज सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात भरला आणि खूण घरावर सरकवली नाही तर ती केंद्रावरच राहते. केंद्र शाळेजवळ असेल तर मुलाचा नंबर लागतोही, आणि पडताळणीत रेशन कार्डावरचा पत्ता दोन किलोमीटर पलीकडचा निघतो. समितीच्या नजरेत ही फसवणूक ठरते. पालकाच्या दृष्टीने ती अनवधानाने झालेली चूक असते. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, कारण मुद्दाम खूण सरकवणारेही आहेत. फरक ओळखायचा तर कारण ऐकून घ्यावं लागतं. चूक असूनही मूल त्याच अंतराच्या टप्प्यात बसत असेल तर प्रवेश रद्द करण्याने कुणाचं भलं होत नाही, कारण त्या मुलाने दुसऱ्या कुणाची जागा हिरावलेली नसते. टप्पाच बदलत असेल तर मात्र समितीचं बरोबर आहे.

भाड्याने राहणाऱ्यांचा दुसरा अडसर भाडेकरार. नोटरी केलेला करार चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीचा लागतो. लॉटरी लागल्यावर घाईने केलेला नोंदणीकृत करार बाद होतो आणि तो बाद झाला म्हणून अपील करण्यात अर्थ नाही. तसंच परराज्यातल्या जात प्रमाणपत्राचं. या दोन गोष्टींत नियम स्पष्ट आहे, समितीला मोकळीक नाही. घरमालक करार नोंदवायलाच तयार नसेल तर पालकाने करायचं काय, हा प्रश्न खरा आहे, पण तो नियम बनवणाऱ्यांना विचारायचा, समितीला नाही.

उलट पुढच्या प्रकारांत अपील टिकतं. जन्मदाखल्यावर आणि रेशन कार्डावर नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक. आई एकटी मूल वाढवते आणि तरी वडिलांचेच कागद मागितले जातात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा आणि त्या वर्षी चालणारा असूनही "कमाई एवढी कमी कशी" म्हणून शंका. दाखला खोटा वाटत असेल तर समितीने तो देणाऱ्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावा. अंदाजावर फाईल बाजूला ठेवणं हे समितीचं काम नाही.

शाळेच्या फाटकावरचं कारण बहुधा पैशाचं असतं. या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने करायची असते. सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी यांतली जी रक्कम कमी असेल ती. राज्यात हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये ठरला होता, कोविडच्या वर्षी तो ८,००० वर आणला गेला आणि ही रक्कमही वर्षानुवर्षं थकते. लहान गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेला ही थकबाकी झेपत नाही, हे मान्यच करायला हवं. पण देणेकरी सरकार आहे, मूल नव्हे. थकबाकीसाठी शाळांनी न्यायालयात जावं, गेल्याही आहेत. सहा वर्षांच्या मुलाला वसुलीसाठी ओलीस धरता येत नाही.

मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली, चाचणी घेतली तर कलम १३ प्रमाणे पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. मात्र निवड झालेलं मूल सरळ नाकारलं, तर त्यासाठी कायद्यात थेट रोख दंडच नाही. उरतो तो मान्यता काढण्याचा मार्ग, कलम १८ चा. एका मुलासाठी पाचशे मुलांची शाळा बंद करायचं धाडस कुठला शिक्षणाधिकारी करेल? शिक्षा इतकी मोठी ठेवली की ती कधी वापरलीच जात नाही. शाळांना हे पुरतं माहीत आहे.

पालकाने करायचं काय? समितीने किंवा शाळेने नाही म्हटल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एक पानी अर्ज द्यायचा. त्यात मुलाचं नाव, अर्ज क्रमांक, निवड कोणत्या शाळेत झाली, निवडपत्राची तारीख, कोणत्या तारखेला कोणते कागद दाखवले, कुणी काय कारण सांगितलं (नाव माहीत नसेल तर पदनाम), आणि शेवटी दोन मागण्या. पहिली, "प्रवेश नाकारल्याचे कारण लेखी द्यावे." दुसरी, जी बहुतेक अर्जांत राहून जाते: "या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत सदर जागा प्रतीक्षा यादीतील अन्य विद्यार्थ्यास देऊ नये." या दुसऱ्या वाक्याशिवाय तीन महिन्यांनी निकाल बाजूने लागला तरी हातात काही येत नाही. अर्ज आवक शाखेत द्यायचा, साहेबांच्या केबिनमध्ये नव्हे. केबिनमध्ये दिलेल्या अर्जाला आवक क्रमांक पडत नाही. स्वतःच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख घ्यायची. शाळा घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवायचा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवायची. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाला, मुंबईत संबंधित शिक्षण निरीक्षकांनाही. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी मूल व मूळ कागद घेऊन शाळेत हजर राहायचं, तारीख दिसेल असा फाटकाबाहेरचा फोटो काढायचा. "पालक आलेच नाहीत" याला दुसरं उत्तर नाही.

या अर्जाला कायदेशीर पाया कलम ३२ चा, हे अर्जात लिहावं. या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा महापालिका-नगरपरिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. एकदा कलमाचा उल्लेख आला की अर्ज 'निवेदन' राहत नाही, तक्रार होतो आणि मुदतीचं घड्याळ सुरू होतं. नुसत्या निवेदनाला काही मुदत नसते, हे कार्यालयं पालकांपेक्षा चांगलं जाणतात.

पण हे घड्याळच चुकीचं लावलेलं आहे. २०२५-२६ ला अर्ज जानेवारीत आले, सोडत फेब्रुवारीत निघाली आणि एका फेरीच्या पडताळणी व प्रवेशाला काही आठवडे मिळाले. तक्रारीला तीन महिने! निर्णय येईपर्यंत प्रतीक्षा यादीच्या फेऱ्या उरकून शाळा भरलेली असते. २०२४ मध्ये तर सगळंच लांबलं. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना कोट्यातून सूट देणारी अधिसूचना राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ ला काढली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. त्या वर्षीची यादी लागली तेव्हा राज्यातल्या बहुतेक शाळा सुरू होऊन महिना झाला होता. अशा वर्षी तीन महिने म्हणजे सहामाही परीक्षा.

आणखी खोलवरचं दुखणं असं की तक्रार ऐकणारा आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती यंत्रणा एकच आहे. तालुक्याच्या पडताळणी समितीत गटशिक्षणाधिकारी, आणि तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे, म्हणजे त्यांच्याच वरिष्ठांकडे. आयोग स्वतंत्र आहे खरा, पण कलम ३२ मधलं अपीलही तो बाल हक्क संरक्षण आयोग कायदा, २००५ मधल्या अधिकारांतच निकाली काढतो. तो साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो आणि शेवटी सरकारला शिफारस करू शकतो. शाळेला "उद्यापासून या मुलाला बसवा" असा हुकूम त्याला देता येत नाही. तसा हुकूम हवा असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. १ लाखाच्या आत कमावणाऱ्या कुटुंबाला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूरला रिट करायला सांगणं ही थट्टा आहे, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळत असला तरीही.

याहून वेगळं करता येतं, हे इंग्लंडमध्ये पाहायला मिळतं. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही पद्धत ओळखीची आहे. प्राथमिक शाळांच्या जागा १६ एप्रिलला जाहीर होतात. नकाराच्या पत्रातच कारण, अपिलाचा हक्क आणि मुदत लिहिलेली असते. अपील तयार करायला किमान २० शालेय दिवस मिळतात, सुनावणी अपिलाच्या अंतिम तारखेपासून ४० शालेय दिवसांत होते, ऐकणारं मंडळ किमान तिघांचं आणि शाळेपासून स्वतंत्र असतं. शाळेला आधी सिद्ध करावं लागतं की एक मूल जास्त घेतल्याने नेमकं काय बिघडेल. मंडळाचा निर्णय शाळेवर बंधनकारक. यात सगळं गोड आहे असं नाही. तिथे लहान वर्गांना एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे आणि वर्ग त्या मर्यादेला पोचला असेल तर पालकांची अपिलं सहसा फेटाळली जातात. पण फेटाळलेल्या अपिलाचंही कारण पालकाच्या हातात लेखी असतं.

आपल्याकडे यावर एक हरकत घेतली जाते आणि ती पोकळ नाही. खोटे पत्ते आणि खोटे दाखले इतके आहेत की समितीने कडक राहायलाच हवं, आणि प्रत्येक नकारावर सुनावणी ठेवली तर प्रतीक्षा यादीतलं खरं गरजू मूल लटकतं. पहिला भाग मान्य. दुसऱ्यावर उपाय आहे: वादातली जागा अडवायचीच नाही, प्रतीक्षा यादीतल्या मुलाला देऊन टाकायची आणि तक्रार मंजूर झाली तर तक्रारदार मुलाला त्याच शाळेत जादा जागा द्यायची. तक्रारी निवड झालेल्यांतल्या काहींच्याच असणार, त्यातल्याही थोड्याच मंजूर होणार. त्यांच्यासाठी वर्गात एक बाक जास्त लागेल, आणि सरकारला त्या मुलाची प्रतिपूर्ती. तशी पद्धत येईपर्यंत मात्र पालकाने जागा राखायची मागणी सोडू नये. सध्या त्याच्याकडे दुसरं काही नाही.

यातलं बरंच कायदा न बदलता होण्यासारखं आहे. नकाराचा छापील नमुना, त्यात कारणांचे रकाने, खाली सही आणि पालकाची पोच, एवढं पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाच्या एका परिपत्रकाने होईल. पोर्टलवर नकाराचं कारण भरल्याशिवाय समितीला अर्ज पुढे सरकवताच येऊ नये, ही सुधारणाही फार मोठी नाही. तक्रारीचा निर्णय १५ दिवसांत द्यायला कलम ३२ आड येत नाही. तीन महिने ही कमाल मर्यादा आहे, तितका वेळ घेतलाच पाहिजे असं तिथे म्हटलेलं नाही. सुनावणीला दुसऱ्या तालुक्याचा अधिकारी बसवणं हाही प्रशासकीय निर्णय आहे. जादा जागेसाठी आणि शाळेवर बंधनकारक आदेशासाठी मात्र राज्याला प्रवेशाच्या नियमांत दुरुस्ती करावी लागेल. २०२४ मध्ये शाळांना सूट द्यायला नियमांत दुरुस्ती करताना सरकारला अडचण आली नव्हती.